एकेचाळीसच्या समोरची जागा

"डोळे आधीच मिटून घे. आत गेल्यावर मिटायला जाशील तर छत नाकाशी टेकलेलं दिसेल. आणि एकदा दिसलं की मग मिटल्या डोळ्यांनाही दिसत राहतं."

ताईचं हे बजावणं धाकटीला आठवलं, तोवर फळी आत सरकून गेली होती आणि छत नाकाशी टेकलेलं दिसून चुकलं होतं. आता डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, सारखंच. कानांत बोळे, बोळ्यांवर जाड गाद्या, तोंडावर पांढऱ्या प्लॅस्टिकची जाळी आणि उजव्या मुठीत एक रबरी फुगा. घाबरलात तर दाबा, असं यंत्रावरच्या माणसाने सांगितलं होतं. घाबरलेली तर ती घरून निघतानाच होती. तेव्हा कुठला फुगा दाबायचा?

ठोकाठोक सुरू झाली. आधी कुणी बंद दारावर बोटांनी टकटक करावी तशी, मग थेट पहारीने. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. एरवी दिवसभर नाकाची आठवणसुद्धा होत नाही. आज हात हलवायची बंदी झाली आणि सगळं अंग जसं काही नाकात येऊन बसलं. तिने नेहमीप्रमाणे देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला, आणि काहीही हलवायचं नाही हे आठवून पहिल्याच पेरावर अडला. पेरं न मोजता नाव घ्यायची तिला सवय नव्हती. मोजणं सुटलं तसं नावही सुटलं, आणि डोक्यात नुसती पहार वाजत राहिली.

फळीच्या पायथ्याशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर एकेचाळीस हा आकडा होता. आकडा ताईचा होता. डोकं तेवढं धाकटीचं होतं.

हे इतक्या सहज जमून जाईल असं तिला वाटलं नव्हतं. पण या इमारतीत कुणाला नाव विचारायची पद्धतच नव्हती. इथे येणाऱ्या माणसाचं नाव बाहेर फुटू नये म्हणून पहिल्या दिवशीच त्याला एक आकडा देत, आणि मग कार्डावर, फायलीवर, रक्ताच्या नळीवर, सगळीकडे तो आकडाच. काउंटरवरच्या मुलीने कार्ड पाहिलं, जन्मतारीख विचारली, वजन केलं, अंगात कुठे धातू आहे का हे तीनदा विचारलं आणि निळा झगा हातात दिला. जन्मतारीख धाकटीने ताईची सांगितली. दोघींत पावणेदोन वर्षांचं अंतर. लहानपणी आई एकीला हाक मारायची आणि ओ दुसरीच द्यायची. आता एक चौसष्टची, दुसरी बासष्टची. चेहऱ्यावर वयाने असा काही हात फिरवला होता की उरलासुरला फरकही पुसला गेला होता.

इथलं काम काय, तर एचआयव्ही अंगात घेऊन म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांच्या मेंदूचे फोटो काढायचे. दर दोन वर्षांनी एक. मग तो जुन्या फोटोशी ताडून पाहायचा: कुठे किती आक्रसलं, कुठे पांढरे ठिपके धरले. ताई अगदी पहिल्या तुकडीतली. सहा वर्षांत तिचे तीन फोटो झाले होते आणि प्रत्येक वेळी ती असल्या यंत्रातून उठून थेट कामावर गेली होती. पंचवीस वर्षांपूर्वी नवरा हा रोग घरात ठेवून वर्षभरात निघून गेला, त्याचं ओझं तिने असंच उचललं होतं, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी तसं. रात्री नऊला गोळी. बावीस वर्षांत तो नेम मोडला नव्हता. लोक देवाचे नेम मोडतात, मग प्रायश्चित्त घेतात. ताई म्हणायची, माझ्या देवाला प्रायश्चित्त चालत नाही.

पण मागच्या आठवड्यात, रक्त द्यायला गेली तेव्हा, तिला नेहमीसारखे दहा शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने परत विचारले. मागच्या खेपेला तिने नऊ सांगितले होते. या खेपेला चार. प्रश्न विचारणारी मुलगी नुसती कागदावर खुणा करत गेली. ताई घरी आली, पायातल्या चपलाही न काढता खुर्चीत बसली आणि तेच चार शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, जणू ते धरून ठेवले तर मागून बाकीचे सहा येतील.

"शब्दांचं काय गं," ती मग म्हणाली होती, "झोप झाली नव्हती म्हणून सांगता येतं. फोटोला काय सांगणार?"

भीती तिला स्वतःच्या डोक्याची नव्हती, टेबलाची होती. गोळ्या मिळतात त्या केंद्रात दाराजवळ एक टेबल होतं आणि चौदा वर्षं ताई त्या टेबलामागे बसत होती. आदल्याच दिवशी ज्याला रोग कळला आहे असं माणूस राखेसारखं तोंड करून आत येई, ते आधी तिच्यासमोर बसे. ती फार काही सांगत नसे. मी बसलेय ना समोर, एवढंच सांगे, आणि गोळीवर काढलेली आपली वर्षं सांगे. समोरच्याच्या तोंडावर रक्त परत यायचं ते ती वर्षं ऐकून. आता हल्ली हल्ली ती एकाच माणसाला एकच गोष्ट तीनदा सांगू लागली होती. माणसं भिडस्त; तिन्ही वेळा मान डोलवत.

"डोकं विरघळलेली बाई त्या टेबलावर बसून काय सांगणार?" ताईने विचारलं होतं. "गोळ्या घ्या म्हणजे माझ्यासारखे व्हाल?"

त्यावर धाकटी पटकन म्हणून गेली होती, मग मी जाते. म्हणताना तिला वाटलं होतं, ताई हसेल, येडी का खुळी म्हणेल. ताई हसली नाही. तिने पर्स उघडली, कार्ड काढलं आणि टेबलावर धाकटीच्या बाजूला सरकवून ठेवलं.

ठोकाठोक थांबली. कानाशी कुठेतरी खरखर झाली आणि यंत्रावरच्या माणसाचा आवाज आला.

"मावशी, हललात का?"

नाही, ती म्हणाली. जाळीच्या आत स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला.

परत एकदा घेऊ, दोनच मिनिटं, असं तो म्हणाला. दोनाची चार झाली. पुन्हा खरखर, पुन्हा एकदा घेऊ. तिसऱ्या खेपेला पहारीचा आवाज यायच्या ऐवजी नुसती शांतता आली, आणि ती ठोकाठोकीपेक्षा वाईट होती. पायाच्या पोटऱ्या आपोआप ताठ होत होत्या. उठून पळावंसं वाटत होतं, पण आडव्या माणसाने पळायचं तरी कुठून सुरू करायचं? नाही नाही ते मनात येऊ लागलं. ताईच्या आकड्यावर आपलंच काही भलतं निघालं की काय? की ताईच्या जुन्या फोटोत असं काही होतं, जे तिला कुणी सांगितलंच नाही?

"मावशी, जन्मतारीख सांगता?"

तिने ताईची तारीख सांगितली. महिना सांगताना जीभ जरा अडखळली. मग फळी हलली आणि ती पायांकडून उजेडात येऊ लागली.

यंत्रावरचा माणूस चाळिशी उलटलेला, सडपातळ, चष्मा कपाळावर ढकललेला. त्याने जाळी काढली, तिला हात धरून बसवलं, पाणी दिलं. लगेच उठू नका म्हणाला. मग सपाता तिच्या पायांपुढे नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाला, कपडे नंतर बदला, आधी जरा इकडे या.

काचेपलीकडच्या खोलीत गारठा होता. पडद्यावर दोन चित्रं शेजारीशेजारी लावलेली. करड्या रंगाची, अर्ध्यात कापलेल्या अक्रोडासारखी. धाकटीने आजवर मेंदू पाहिला नव्हता. तिला तो चुरगळून कपाटात कोंबलेल्या धुण्यासारखा वाटला, आणि एवढ्या पसाऱ्यात माणूस नीट विचार करतं तरी कसं, याचं नवल वाटलं.

त्याने खुर्ची पुढे केली. स्वतः उभाच राहिला.

"एक विचारू? रागावू नका. हा दोन वर्षांपूर्वीचा, हा आत्ताचा. दर खेपेला जुना उघडून त्याच कोनात नवा बसवतो आम्ही, म्हणजे ताडून पाहता येतं. आज तीनदा बसवला. बसत नाहीये."

"वयाने फरक पडला असेल," ती म्हणाली.

"वयाने पडतो. आक्रसतं, मधल्या पोकळ्या रुंदावतात, सगळं होतं. पण ह्या घड्या आहेत ना, ह्या आईच्या पोटात पडतात, त्या कायमच्या. ही बघा. इथून येते आणि इथे दुभंगते. सहा वर्षांत तीन फोटो, तिन्हींत दुभंगलीये. आज सरळ गेली."

धाकटीचा जन्म शिलाई यंत्रापुढे गेला होता. शाळांचे गणवेश शिवायची ती. एकाच मापाचे, एकाच ठाणातले. तसल्या चाळीस कपड्यांतला कुठला आपल्या हातचा आणि कुठला हाताखालच्या बाईचा, हे ती नुसत्या चुणीवरून सांगत असे. तिने पडद्याकडे पाहिलं. दुभंगलेली घडी पाहिली, सरळ गेलेली पाहिली. वाद घालायला जागा नव्हती. चेहरा बेमालूम जुळला, आवाज जुळला, हाडापेराने एक. आणि आत, जिथे कुणी पाहायला जात नाही तिथे, देवाने दोघींना साफ वेगवेगळं दुमडून ठेवलं होतं.

"बहीण आहे," ती म्हणाली.

"कोण कुणाची?"

"मी. तिची."

तो खुर्चीत बसला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, आणि मग रागावला. आवाज चढवून नव्हे. पण तिने इतक्या वर्षांत नवऱ्याचंही असं ऐकून घेतलं नव्हतं. त्या खोलीत केवढं चुंबक आहे ठाऊक आहे का, बहिणीच्या अंगात धातू नाही म्हणून फायलीत लिहिलंय, तिच्या जागी तुम्ही नुसतं नाही म्हणालात, तुमच्या असता तर? कुठे सळई, कुठे चाप? तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर मी कुणाचं नाव सांगितलं असतं, मला तर तुमचं नावही माहीत नाही. ती मान खाली घालून झग्याच्या नाड्यांची गाठ सोडत राहिली, परत मारत राहिली. मग तो थांबला, आणि थांबल्यावर जे बोलला ते तिला जास्त लागलं.

"मी आज घाईत असतो आणि जुना उघडला नसता, तर काय झालं असतं सांगू? तुमच्या बहिणीच्या आकड्यावर धडधाकट डोकं लागलं असतं. आम्ही लिहिलं असतं, बावीस वर्षं गोळ्या घेणाऱ्या बाईचं सहा वर्षांत काहीसुद्धा बिघडलं नाही. मग उद्या अशीच एखादी बाई येऊन म्हणेल, डॉक्टर, मला विसरायला होतंय. डॉक्टर तो कागद बघतील आणि म्हणतील, काही नाही हो, मनाचे खेळ आहेत. जा घरी."

धाकटीच्या डोळ्यांपुढे दाराजवळचं टेबल आलं. समोर कुणीतरी बसलेलं, आणि टेबलामागे ताई. त्या टेबलावर चौदा वर्षांत एक खोटं बोललं गेलं नव्हतं. ते वाचवायला म्हणून ती इथे आली होती.

तिने मग सगळं सांगितलं. दहा शब्दांचं, चार शब्दांचं. ताईचं काम जाईल, असं तिने दोनदा सांगितलं.

तो म्हणाला, केंद्राला इथून काही जात नाही. एकेचाळीस म्हणजे कोण हे त्यांना माहीतही नाही. इथल्या डॉक्टरीणबाई ज्याचं त्याला सांगतात, तेही सांगण्याजोगं असलं तर. आणि विसरण्याला काय एकच कारण असतं? झोप असते, रक्तातलं कमीजास्त असतं, काही तर साध्या औषधाने बरं होतं. पण ते शोधायचं तर ज्याचं डोकं त्याने आणायला हवं.

"पण फोटोत वाईटच निघालं तर?"

"निघेलही. मला माहीत नाही, मावशी. माहीत असतं तर काढायचा कशाला?"

आजचा फोटो त्याने बाद केला. तोही तिच्या देखत. आता लिहावं लागेल, आकड्याचं माणूस न येता दुसरं आलं. ताईला काढून टाकतील का, तिने विचारलं. ते डॉक्टरीणबाईंच्या हातात, तो म्हणाला; खोटं काही तो लिहिणार नव्हता. मात्र यंत्र चारला रिकामं होतं. आधी बहीण आत जाऊन बसली आणि चारला बाई स्वतः आल्या, असं जर खरोखरच घडलं, तर तो तेही तसंच लिहील. लिहायला चारपर्यंत थांबता येईल, त्यापुढे नाही.

ती उठली. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी गेली, तेव्हा त्याने मागून हाक मारली. तो पडद्यावर दुसरंच काही उघडून बसला होता. नुसते आकडे, दोन रांगांत.

"तुम्ही धाकट्या ना? थोरलीहून दोनेक वर्षांनी?"

तिने मान हलवली.

"मग तुमची इथे वाट बघतायत. सहा वर्षं."

त्याने समजावून सांगितलं. नुसते आजारी माणसांचे फोटो घेऊन भागत नाही. म्हातारपणाने तर सगळ्यांचंच डोकं आक्रसतं. त्यातलं वयाचं किती आणि रोगाचं किती हे कळायचं तर जोडीला त्याच वयाचं, शक्यतो त्याच घरात वाढलेलं, रोग नसलेलं माणूस लागतं. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर एक जोडीदार. कुणाचा भाऊ, कुणाची नणंद, एकाचा तर लहानपणापासूनचा शेजारी. एकेचाळीसच्या समोर जागा होती, पण कोरी. शेऱ्याच्या रकान्यात, प्रत्येक फोटोच्या वेळी ताईने जे सांगितलं ते लिहून घेतलेलं. त्याने वाचून दाखवलं.

"पहिल्या खेपेला, 'धाकटी बहीण आहे, मुलीचं लग्न झालं की येणार.' दुसऱ्या खेपेला, 'पुढच्या वेळी येणार.' तिसऱ्या खेपेला नुसतंच, 'येणार.'"

धाकटीने दाराची चौकट धरली.

सहा वर्षांपूर्वी ताई तो कागद घेऊन घरी आली होती. पिको करता करता धाकटीने तो वाचला होता आणि परत दिला होता. लेकीचं जमत आलं होतं तेव्हा. त्या इमारतीच्या पायरीवर मला कुणी पाहिलं तर मी काय सांगू, असं ती म्हणाली होती, आणि ताईचा चेहरा पाहून घाईघाईने पुढे जोडलं होतं, बघू की पुढच्या वेळी. ताई बरं म्हणाली. लग्नात ताई वेळेवर आली, सगळ्यांत वावरली, हसली, आणि कुणी विचारलं तर रात्रीच्या गोळ्या साखरेच्या आहेत असं तिने स्वतःहून सांगितलं. तिला कुणी तसं सांग म्हणून सांगावंही लागलं नाही. त्यानंतर दोनदा फोटो झाले. ताईने कधी विषय काढला नाही, म्हणून धाकटीला वाटलं होतं, ती विसरली.

"चारला माझा काढा," ती म्हणाली.

"तसा लगेच निघत नाही. अर्ज आहे, रक्त आहे, शंभर प्रश्न आहेत."

"मग चारला रक्त घ्या. प्रश्न विचारा. फोटो म्हणाल तेव्हा."

"आणि थोरल्या?"

धाकटीच्या तोंडाशी आलं होतं, तीही येणार. तिने ते गिळलं. दुसऱ्याच्या वतीने शब्द द्यायचं काम त्या घरात एकीने पुष्कळ केलं होतं.

"माझं मी सांगते. मी येते. तिला विचारते."

रस्त्यापलीकडे बसथांब्याच्या बाकावर ताई बसली होती. तासाभरात दहा तरी बस तिच्यासमोरून गेल्या असतील. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, नजर इमारतीच्या दारावर. धाकटी दिसली तशी तिने नजर चटकन काढून घेतली आणि थांब्यावरचं वेळापत्रक वाचू लागली, जणू ती बससाठीच बसली होती.

"झालं?" धाकटी शेजारी टेकल्यावर तिने विचारलं.

"नाही झालं. पकडलं त्याने."

"बोलली असशील तू. तुझ्या तोंडात तीळ भिजेल तर ना."

"तोंडाने नाही बोलले. डोकंच बोललं." मग तिने घडीचं सांगितलं. दुभंगलेली, सरळ गेलेली.

ताईने ऐकून घेतलं. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "अक्कल कमी दिसली असेल."

धाकटीला हसू आलं. तो रागावला ते सांगितलं, चुंबकाचं सांगितलं, टेबलाचं सांगितलं: केंद्राला काही कळत नाही. पुढे येणाऱ्या त्या बाईचं सांगितलं, जिला मनाचे खेळ म्हणून घरी पाठवतील. इथे ताईची पर्सवरची बोटं थांबली. इतका वेळ ती पर्सच्या चेनशी खेळत होती.

"असं म्हणाला?"

"हो."

एक बस आली, दार उघडलं, कुणी चढलं नाही, दार मिटलं. ड्रायव्हरने दोघींकडे वैतागून पाहिलं.

"तू लिहून देत होतीस," धाकटी म्हणाली. "येणार म्हणून. तीन वेळा."

"मी कुठे लिहिलं. ती पोरगी विचारायची, मी सांगायचे."

"मी कधी म्हणाले येते म्हणून? मी म्हणाले होते, बघू."

"आपल्या घरात बघू म्हणजे होच असतं," ताई म्हणाली. "आईने तुला सायकल घ्यायची बघूच म्हटलं होतं. घेतली ना?"

सायकल ताईला घेतली होती. ताईने थोडा वेळ समोर पाहिलं, कपाळावर बारीक आठी पडली, मग तिने धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथे जे होतं ते वाचलं.

"मला घेतली होती का?"

"हो."

"लाल?"

"लालच."

"रंग आठवतो," ताई म्हणाली. पुढे म्हणाली, "बघ. हे असं आहे. आता जाऊन त्याला याचा फोटो काढून देऊ?"

उन्हाची कड बाकावर चढत होती. धाकटीला सांगायचं होतं की काही निघणार नाही, झोपेचं असेल, रक्तातलं असेल. तिला सांगायचं होतं की निघालं तरी मी आहे. सहा वर्षांपूर्वी ती अशीच काहीतरी पटकन म्हणाली होती, आणि परवाही पटकनच म्हणाली होती, मग मी जाते. पटकन म्हटलेल्यातलं एकही ताईच्या उपयोगी पडलं नव्हतं. ती गप्प बसली. पाय तेवढे स्वस्थ बसेनात; टाच आपली खालीवर होत होती. ताईने सवयीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा.

"चारला त्याच्याकडे यंत्र रिकामं आहे," धाकटी म्हणाली. "तुझ्यासाठी. माझं नुसतं रक्त आणि अर्ज. मी माझ्यापुरतं सांगून आलेय."

"तुझं कशाला आता? लेकीच्या सासरची माणसं आहेत तशीच आहेत. कुणी पाहिलं पायरीवर, तर?"

"तर सांगेन बहिणीबरोबर आले म्हणून."

"आणि मी नाही आले तर?"

धाकटीने विचार केला. "तर सांगेन बहिणीसाठी आले म्हणून."

ताईने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. पर्स उघडली, आत काहीतरी शोधलं. काय शोधतेय हे विसरल्यासारखी क्षणभर आतच पाहत राहिली आणि पर्स मिटली. तिच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. तिच्या टेबलासमोर बसणाऱ्या माणसांची तोंडं पहिल्या दिवशी अशी असतात, हे धाकटीला फक्त ऐकून माहीत होतं. अशा माणसाला घाई करायची नसते, हेही ताईनेच कधीतरी सांगितलं होतं. ऊठ म्हणायचं नाही. हात धरून ओढायचं नाही.

चार वाजायला वीस मिनिटं होती. धाकटी उठली. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, एकेचाळीस नंबरचं कार्ड आपल्या पर्समधून काढून बाकावर ताईच्या शेजारी ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर बाकावरचंच ताईच्या चष्म्याचं घर ठेवलं.

"येते," ती म्हणाली.

आणि ती निघाली. रस्त्याच्या कडेला गाड्या जाईपर्यंत थांबली. समोर इमारतीच्या पायऱ्या भर उन्हात लख्ख दिसत होत्या, आणि येणारंजाणारं कुणीही तिला तिथे सहज पाहू शकलं असतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. रस्ता मोकळा झाला तशी ती ओलांडू लागली, पण सावकाश, एकट्या माणसाने ओलांडावं त्याहून बरीच सावकाश.